दुर्गम धावपट्टीवर उतरताना मालवाहू विमानाला अपघात: वैमानिक वेळीच परत का फिरत नाही?

रानजाई

माझा धाकटा भाऊ येत्या काही महिन्यांत एका मालवाहतूक कंपनीत को-पायलट म्हणून रुजू होणार आहे. डोंगराळ भागातल्या आखूड धावपट्ट्यांवर औषधे, सिमेंट, इंधनाची पिंपे आणि धान्य पोहोचवणे हे या कंपनीचे काम. त्याची निवड झाल्याचे कळले त्या दिवसापासून अशा धावपट्ट्यांवरील अपघातांविषयी हाती लागेल ते मी वाचत सुटले आहे. आई काही बोलून दाखवत नाही, पण रोज त्याला एखादा प्रश्न विचारते आणि तो हसून विषय बदलतो. म्हणून येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले.

माझे वाचन ज्या अपघातापाशी अडले, तो नेपाळमधील लुक्ला येथे २७ मे २०१७ रोजी झाला. काठमांडूहून माल घेऊन आलेले एल-४१० जातीचे दोन इंजिनांचे विमान झपाट्याने बिघडत चाललेल्या हवामानात धावपट्टीकडे येत होते. अखेरच्या टप्प्यात ते फार खाली आले, ते वर काढण्याचा प्रयत्न झाला आणि धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच विमान उतारावर कोसळले. कॅप्टन आणि को-पायलट दोघेही दगावले, तिसऱ्या कर्मचाऱ्याचे प्राण वाचले. चौकशी अहवालाचा निष्कर्ष मी दोनतीनदा वाचला. पूर्ण फ्लॅप (उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडले जाणारे भाग) आणि चाके खाली असताना, वेगही आवश्यक मर्यादेच्या खाली गेलेला असताना, विमान तातडीने चढवण्यासाठी नाक उचलले गेले, पंखांचा कोन एकदम वाढला, हवेचा विरोध वाढला आणि विमान स्टॉल झाले, असा त्याचा आशय आहे. शब्द कळतात, पण चित्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. नीट दिसत नसेल, तर वैमानिक थोडा आधीच परत का फिरत नाही? मालवाहू उड्डाणात प्रवासी नसतात, म्हणून धोका पत्करण्याकडे कल जास्त असतो का? आणि तिसरा प्रश्न, जो माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: कॅप्टनचा निर्णय चुकतो आहे असे शेजारी बसलेल्या नवख्या को-पायलटला दिसले, तर त्याने काय करावे, आणि ते त्याला खरोखर करता येते का?


विंडसॉक

रानजाईताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबेल, पण उरलेल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ त्यातच असल्यामुळे तेथूनच सुरुवात करतो. निवृत्त होईपर्यंत मी बावीस वर्षे मालवाहू विमाने चालवली आणि त्यातला बराच काळ डोंगरातल्या एकतर्फी धावपट्ट्यांवर गेला.

वैमानिक परत का फिरला नाही, असे आपण विचारतो तेव्हा परतीची वाट शेवटपर्यंत मोकळी असते असे आपण धरून चाललेले असतो. मोठ्या विमानतळावर ती असते. तेथे चाके टेकल्यावरसुद्धा इंजिनांना शक्ती देऊन पुन्हा हवेत जाता येते. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवर आहे. तिचा चढ सुमारे ११.७ टक्के आहे, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जमीन साठ मीटरच्या आसपास चढते, आणि वरच्या टोकापलीकडे थेट डोंगर उभा आहे. उतरायचे ते चढाकडे तोंड करून आणि उडायचे ते दरीकडे तोंड करून, याला पर्याय नाही. अशा ठिकाणी अखेरच्या टप्प्यात एक जागा येते, जिच्यापुढे गेल्यावर विमान वळवण्याइतकी रुंदी दरीत उरत नाही आणि समोरचा डोंगर ओलांडण्याइतकी चढण्याची ताकद विमानात नसते. आम्ही तिला परतीचा बिंदू म्हणत असू. त्याच्या अलीकडे सगळे निर्णय वैमानिकाच्या हातात असतात, त्याच्या पलीकडे फक्त उतरणे उरते. त्यामुळे ‘थोडा आधीच’ हे तुमचे शब्द अगदी नेमके आहेत. तो ‘आधी’ म्हणजे किती आधी, हे प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळे असते आणि ते विमानात बसण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

आता डोळ्यांचे काय होते ते सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट सहसा माहीत नसते. वैमानिकाच्या डोळ्यांना साधारण ३ अंशांच्या उतरणीवरून दिसणाऱ्या सपाट धावपट्टीची सवय झालेली असते. ११.७ टक्के चढ म्हणजे जवळजवळ पावणेसात अंश. त्या धावपट्टीकडे तो ३ अंशांनी येत असेल, तर त्याची नजर आणि धावपट्टीचा पृष्ठभाग यांत जवळपास १० अंशांचा कोन होतो. धावपट्टी समोर उभी केल्यासारखी दिसते आणि ‘मी फार उंचावर आहे’ असे मन सांगू लागते. धावपट्टी अरुंद असली की हा भास आणखी वाढतो. मनाचे ऐकून वैमानिक विमान खाली घेतो, आणि प्रत्यक्षात ते आधीच योग्य उंचीवर असल्यामुळे आता गरजेपेक्षा खाली जाते. त्यात ढगाचा एखादा पुंजका मध्ये आला आणि काही सेकंद धावपट्टी दिसेनाशी झाली, तर बाहेर पडल्यावर आपण नेमके कोठे आहोत हे समजायला जो वेळ लागतो, तेवढ्यात विमान सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर या वेगाने पुढे सरकलेले असते.

यापुढचा भाग तुम्ही वाचलेल्या निष्कर्षाशी थेट जोडलेला आहे. सपाट धावपट्टीवर टेकताना विमानाची वाट सुमारे ३ अंशांनी वाकवावी लागते, तर चढत्या धावपट्टीवर ती खाली जाणाऱ्या ३ अंशांपासून वर जाणाऱ्या पावणेसात अंशांपर्यंत न्यावी लागते. एवढे वळण घ्यायला पंखांजवळ वेगाची शिल्लक लागते. ती नसताना नाक उचलले, की पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो तो कोन मर्यादेबाहेर जातो, पंखाच्या वरच्या बाजूने हवा सुटते आणि उचल एकाएकी नाहीशी होते. यालाच स्टॉल म्हणतात. पूर्ण फ्लॅप आणि खाली आलेली चाके हवेला मोठा अडसर करतात, म्हणून त्याच स्थितीत चढायचे असेल तर इंजिनांची पूर्ण शक्ती आधी हवी. टर्बोप्रॉप इंजिन कमी शक्तीवरून पूर्ण शक्तीवर यायला काही सेकंद घेते. स्टॉलचा इशारा मिळाल्यावर शक्तीचा दांडा योग्य वेळी पूर्ण पुढे सारला गेला नाही, हेही त्या अहवालात नोंदलेले आहे. समोर डोंगर चढत येत असताना हात आधी नाक उचलायला धावतो, हे मी समजू शकतो. ते हात माझेही असू शकले असते.

विरळ हवेचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो. २,८०० मीटरच्या आसपास हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. वेगमापकावर नेहमीचाच आकडा दिसत असला, तरी विमान हवेतून प्रत्यक्षात साधारण १५ टक्के अधिक वेगाने जात असते, आणि टेकल्यानंतर थांबवावी लागणारी ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने जास्त असते. लुक्लाचा चढ ही ऊर्जा शोषून घेतो, म्हणून ५२७ मीटरमध्ये विमान थांबू तरी शकते. तोच चढ परतीची वाटही बंद करतो. अशा धावपट्ट्यांवरची वाहतूक बहुतेक सकाळी उरकली जाते, कारण ऊन चढू लागले की दरीतून वारे वर येतात, कड्यांमागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ढग उतारांवर चढू लागतात.


वजनकाटा

मी वैमानिक नाही. विमानात माल चढवणे, तोलणे आणि बांधणे हे माझे काम आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

प्रवासी नसले की लोक बेफिकीर होतात, असे मी पाहिलेले नाही. पुढे बसलेल्या दोघांना आपापल्या जिवाची किंमत माहीत असते. वेगळे असते ते दडपण. प्रवासी परत आले तर चिडतात, हॉटेलवर जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. माल परत आला तर वर कोणीतरी त्याच्याविना राहते. दवाखान्यातली सलाइनची शेवटची पेटी उघडली आहे, असा निरोप सकाळी आलेला असतो आणि तो वैमानिकाला माहीत असतो. हा निरोप कधीच आज्ञेच्या स्वरूपात येत नाही, म्हणून त्याला नकार देणेही अवघड जाते. त्याशिवाय, सकाळी एकच फेरी झाली आणि दुसरी अजून बाकी आहे, हे गणितही डोक्यात चालू असते.

मालाचे स्वतःचे धोके असतात आणि ते विमान उतरतानाच उघडे पडतात. पहिला धोका वजनाचा. कागदावर ५० किलो लिहिलेली गोणी पावसात भिजली, तर ती ५० किलोची राहत नाही. अशा वीस-पंचवीस गोण्या झाल्या, की वैमानिकाने ज्या वजनावर उतरण्याचा वेग काढलेला असतो ते वजनच खोटे ठरते, आणि ज्या वेगाला तो सुरक्षित समजतो तो स्टॉलच्या जवळ सरकलेला असतो. दुसरा धोका समतोलाचा. भार फार पुढे असेल तर नाक जड होते, टेकताना ते उचलायला शेपटीला जास्त जोर लावावा लागतो आणि विमान ठरलेल्यापेक्षा अधिक वेगात स्टॉल होते. भार फार मागे असेल तर नाक हलके होते, थोड्याशा ओढीने वर जाते आणि स्टॉलमधून बाहेर येणे कठीण होते. आधीच्या प्रतिसादात ज्या दहा अंशांच्या वळणाविषयी लिहिले आहे, ते वळण घेताना भार कोठे ठेवला आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

तिसरा धोका बांधणीचा. ज्या मालाच्या पुढे माणसे बसलेली आहेत, तो पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या ९ पट जोर सोसेल असा बांधावा, किंवा मध्ये तेवढ्या ताकदीची जाळी वा भिंत असावी, हा मोठ्या वाहतूक विमानांच्या बांधणीतला प्रस्थापित दंडक आहे. आपटण्याच्या क्षणी ५० किलोची एक गोणी साडेचारशे किलोची होऊन वैमानिकाच्या पाठीकडे निघते, असा त्याचा साधा अर्थ. एकदा एका कच्च्या पट्टीवर विमान जोरात टेकले आणि सुखरूप थांबले. दार उघडून मी आत गेलो तेव्हा सिमेंटच्या गोण्यांची पुढची रांग वीतभर पुढे सरकलेली होती आणि एका पट्ट्याचा लोखंडी हूक वाकून उघडला होता. सकाळी तो पट्टा मी स्वतः ताणला होता. हूकावर जुना तडा होता आणि तो मी अंगठ्याने चाचपून पाहिला नव्हता. त्या दिवसानंतर प्रत्येक हूक मी हाताने तपासतो, कितीही घाई असली तरी.

माल सुटला तर मोठे विमानही वाचत नाही. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम येथून निघालेले बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील सातही जण गेले. आत अवजड लष्करी वाहने होती. त्यांतले निदान एक मागे सरकले आणि शेपटीकडच्या नियंत्रणाची यंत्रणा त्याने निकामी केली. तो अपघात उड्डाणाच्या वेळचा होता, पण बांधणी म्हणजे काय हे नव्या माणसाला समजावताना मी त्याचेच उदाहरण देतो.


अनुस्वार

जाणकारांच्या प्रतिसादांतून खूप समजले. एक शंका अशी, की धोका एवढा ठाऊक असताना या धावपट्ट्या लांब का केल्या जात नाहीत, किंवा ढगांतूनही उतरवणारी यंत्रणा तेथे का बसवली जात नाही? मोठ्या विमानतळांवर तर धुक्यातही विमाने उतरतात.


विंडसॉक

अनुस्वार, लांब करायला जमीन लागते आणि डोंगराच्या कुशीत ती नसते. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. मोठ्या विमानतळांवर जी यंत्रणा धुक्यात मार्ग दाखवते, तिला धावपट्टीच्या रेषेत बराच लांब, सरळ आणि अडथळामुक्त पट्टा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धावपट्टी दिसली नाही तर सरळ वर निघून जाण्याची वाट लागते. लुक्लाला तीच नाही. उपग्रहांच्या साहाय्याने दऱ्यांतून वळत जाणारे मार्ग आता आखता येतात, आणि तिबेटमधील लिंझी येथे २००६ पासून त्यांचा उपयोग होत आहे. मात्र त्यासाठी विमानात तशी साधने, वैमानिकांना खास प्रशिक्षण आणि एक इंजिन बंद पडले तरी दरीतून बाहेर पडता येईल एवढी शक्ती असावी लागते. छोट्या धावपट्ट्यांवर अजून तरी डोळे, वाऱ्याची पिशवी आणि रेडिओवर हवामान सांगणारा खालचा माणूस यांवरच काम चालते, आणि त्या माणसाने खरे सांगितले पाहिजे.


कृष्णमंजूषा

मी विमान देखभालीच्या क्षेत्रात आहे आणि अपघातांचे अहवाल वाचणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. रानजाई यांचा तिसरा प्रश्न येथे अजून कोणी घेतलेला नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कॅनडाच्या अतिउत्तरेला रिझोल्यूट बे नावाची वस्ती आहे. २० ऑगस्ट २०११ रोजी पुढे माल आणि मागे प्रवासी अशी रचना असलेले बोइंग ७३७ तेथे ढगाळ हवेत उतरत होते. दिशादर्शकात चूक शिरलेली होती, ऑटोपायलटची कार्यपद्धती नकळत बदलली होती आणि विमान धावपट्टीच्या रेषेवरून हळूहळू बाजूला जात होते. को-पायलटच्या हे लक्षात आले होते. त्याने ते वारंवार बोलून दाखवले, उतरणे सोडून वर जाण्याचेही, म्हणजे गो-अराउंडचेही, सुचवले. कॅप्टनच्या मनात मात्र वेगळे चित्र पक्के बसले होते. गो-अराउंड सुरू झाला तोपर्यंत उशीर झाला होता आणि धावपट्टीच्या पूर्वेस सुमारे एक सागरी मैलावर असलेल्या टेकडीवर विमान आदळले. १५ पैकी १२ जण मरण पावले.

या अहवालाने मला जेवढे अस्वस्थ केले तेवढे क्वचितच कशाने केले असेल, कारण को-पायलट गप्प बसला नव्हता. तो बोलला होता, पण सुचवण्याच्या भाषेत. ‘आपण जरा बाजूला आहोत असे वाटते’ आणि ‘गो-अराउंड करा’ या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे, आणि कनिष्ठ माणूस ते अंतर आदरापोटी पार करत नाही. म्हणूनच आता वैमानिकांना पायऱ्या शिकवल्या जातात. आधी वस्तुस्थिती सांगावी, मग काळजी स्पष्ट शब्दांत मांडावी, मग काय करायचे ते आज्ञेच्या रूपात म्हणावे, आणि तरीही काही घडले नाही तर नियंत्रण स्वतःकडे घ्यावे. अनेक कंपन्यांच्या कार्यपद्धतीत असेही लिहिलेले असते, की दोघांपैकी कोणीही ‘गो-अराउंड’ हा शब्द उच्चारला की दुसऱ्याने वाद न घालता तो पाळायचा. हा नियम कागदावर आहे की कॉकपिटमध्ये पाळला जातो, हे मात्र कंपनीगणिक बदलते.

आता ‘वैमानिकाची चूक’ या शब्दांविषयी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या चौकशीचा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे: पुढचे अपघात टाळणे, दोष वा जबाबदारी ठरवणे नव्हे. लुक्लाचा अहवालही तसाच वाचावा. त्यात स्टॉलच्या जोडीला अवघड भूप्रदेश, झपाट्याने बिघडणारे हवामान, परिस्थितीचे भान सुटणे आणि वैमानिक व हवाई वाहतूक सेवा या दोन्हींकडून ठरलेल्या कार्यपद्धतीचे उल्लंघन, यांचाही उल्लेख आहे. म्हणजे उतरण्यास योग्य हवामान नसताना विमान तेथपर्यंत आलेच कसे, हा प्रश्न एकट्या कॅप्टनपुरता राहत नाही. बातम्यांत यातले पहिलेच वाक्य येते आणि मृत माणसाच्या नावावर सगळे जमा होते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुर्गम जागेतला अपघात एका दिवसात संपतही नाही. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून अरुणाचल प्रदेशातील मेचुकाच्या धावपट्टीकडे निघालेले वायुदलाचे एएन-३२ विमान आतील १३ जणांसह बेपत्ता झाले, आणि त्याचे अवशेष दिसायला ११ जून उजाडला. अंटार्क्टिकाची हकीकत याहून लांब आहे. तेथील डी-५९ या हिमावरील जागेवर १९७१ मध्ये एक एलसी-१३० विमान उड्डाण करताना मोडून पडले. सर्वजण वाचले, विमान बर्फात गाडले गेले. दीड दशकानंतर ते उकरून दुरुस्त करायचे ठरले. ९ डिसेंबर १९८७ रोजी त्याच्या दुरुस्तीचे सुटे भाग घेऊन आलेले त्याच जातीचे दुसरे विमान त्याच जागी उतरताना कोसळले आणि दोघांचा जीव गेला. पहिले विमान जानेवारी १९८८ मध्ये उडून परत गेले. ते विमान वाचवताना गेलेल्या त्या दोघांविषयी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा वजनकाटा यांनी लिहिलेल्या दडपणाची आठवण होते. कोणी सक्ती करत नसते, पण काम हाती घेतलेले असते.

धावपट्टीची निगा या विषयावर येथे कोणी लिहिले नाही, म्हणून एक उदाहरण देतो, आणि ते सुखाचे आहे. ७ सप्टेंबर २०१० रोजी रशियात टीयू-१५४ जातीच्या प्रवासी विमानाचा सगळा वीजपुरवठा हवेतच बंद पडला. खाली जंगल. वैमानिकांना इझ्मा येथील धावपट्टी दिसली. ती विमानांसाठी केव्हाच बंद झालेली होती, नकाशातून गेलेली होती आणि या विमानाच्या मानाने फारच आखूड, सव्वातेराशे मीटरच्या जवळपास होती. तेथील प्रमुख सेर्गेई सोत्निकोव यांनी मात्र ती वर्षानुवर्षे झाडून, झुडपे काढून, मोकळी ठेवली होती. विमान पट्टीपलीकडच्या झाडीत घुसून थांबले आणि सर्व ८१ जण चालत बाहेर आले.


रानजाई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल कशी कृतज्ञता व्यक्त करावी कळत नाही. हे सर्व प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवले. रिझोल्यूट बेच्या ठिकाणी त्याने मला थांबवले, मोबाइल हातात घेतला आणि तो भाग स्वतः पुन्हा वाचला. तो एवढेच म्हणाला, की ‘गो-अराउंड’ हा शब्द मी सिम्युलेटरमध्ये शेकडो वेळा उच्चारला आहे, पण शेजारी प्रशिक्षकाऐवजी वीस वर्षे तीच दरी उडालेला कॅप्टन असेल तेव्हा तो तोंडातून निघेल का, याचा विचार केला नव्हता.

विंडसॉककाका, एक शेवटचे विचारते. रुजू होण्यापूर्वी त्याने कंपनीला काही विचारायचे झाले, तर नेमके काय विचारावे? नवा माणूस फार प्रश्न विचारतो, असे त्यांना वाटू नये ही त्याची चिंता आहे.


विंडसॉक

ताई, त्याला सांगा, की प्रश्न विचारणारा को-पायलट चांगल्या कॅप्टनला हवाच असतो.

मी प्रत्येक धावपट्टीचे चित्र एका वहीत हाताने काढून ठेवत असे. त्यातल्या एका पानावर नदीच्या वळणाजवळचा झुलता पूल लाल शाईने रंगवलेला होता. तो पूल डाव्या पंखाखाली जाईपर्यंत धावपट्टीची दोन्ही टोके दिसलेली, वेग ठरलेल्या आकड्यावर बसलेला, चाके आणि फ्लॅप तपासलेले आणि वाऱ्याची पिशवी कोणत्या दिशेला उडते आहे हे दोघांनीही मोठ्याने सांगितलेले असले पाहिजे. यातले एक जरी राहिले असेल, तर पुलावरच डावीकडे वळून दरीतून बाहेर पडायचे. ‘आणखी थोडे पुढे जाऊन पाहू’ हे वाक्य त्या विमानात बोलायचे नाही, असे मी प्रत्येक नव्या को-पायलटला उड्डाणापूर्वी सांगत असे, आणि पूल आला की ‘पूल’ असे मोठ्याने म्हणण्याचे काम त्याच्याकडे देत असे. अशाने बोलण्याची सवय त्याला पहिल्याच दिवशी लागते आणि वर्षांनी मोठ्या माणसाला अडवल्यासारखेही वाटत नाही.

म्हणून त्याने दोनच गोष्टी विचाराव्यात. आपण ज्या धावपट्ट्यांवर जातो, त्यांतल्या प्रत्येकीचा परतीचा बिंदू कोणता आहे आणि तो लिहून ठेवलेला आहे का? आणि गेल्या वर्षभरात किती उड्डाणे माल न उतरवता परत आली? डोंगरात वर्षभर उडणाऱ्या कंपनीकडे या दुसऱ्या प्रश्नाला मोठा आकडा असायला हवा, आणि तो सांगताना समोरच्याला संकोच वाटता कामा नये. उत्तर शून्य आले, तर सही करण्याआधी त्याला माझ्याशी बोलायला सांगा. मी येथेच असतो.